चिलटाचा मेंदू आणि कुलाब्याची प्रयोगशाळा

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोन होते: कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे कॅलटेकचे सेमूर बेंझर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबैद सिद्दीकी. विषय होता तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचा. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या, ज्यांना आपण चिलटे म्हणून हाताने हाकलतो, त्याच या माश्या. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या निबंधाची आठवण निघते ती बहुधा एका ठरावीक सुरात. परदेशातल्या नामवंत प्रयोगशाळेत एका भारतीयाने चांगले काम केले आणि परतल्यावर त्या कामाची इथे एक शाखा काढली, असा तो सूर. तो मला मान्य नाही. पुढच्या दोन दशकांत सिद्दीकींच्या कुलाब्याच्या प्रयोगशाळेत प्रश्न निवडण्याची एक रीत घडली. प्राणी लहान घ्यायचा, कसोटी साधी ठेवायची, पण विचारायचे असे काही की उत्तर मिळाले तर मेंदूबद्दल एक तरी गोष्ट पक्की कळावी. ही रीत शिकवता येण्याजोगी होती आणि ती शिकवली गेली. म्हणून त्या काळाचे मोल शोधांइतकेच शिष्यांवरूनही ठरवायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

सिद्दीकी मज्जासंस्थेकडे आले ते आडवाटेने, आणि ती वाट समजून घेतल्याशिवाय पुढचे उलगडत नाही. उत्तर प्रदेशातल्या बस्ती इथे १९३२ साली त्यांचा जन्म झाला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकताना डाव्या विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळे त्यांना तुरुंगवासही घडला. सुरुवातीचे संशोधन वनस्पतिशास्त्रातले होते. मग ते ग्लासगोला ग्विदो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे गेले आणि तिथे अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीतल्या एका जनुकाची अंतर्गत रचना उकलून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या काळी एक वाद जोरात होता. जनुक ही न तुटणारी एकच गोळी आहे, की तिच्या आतही बिंदूबिंदूंची रांग आहे? पॉन्टेकोर्व्हो यांच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न बुरशीवर तपासला जात होता. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सेमूर बेंझर तोच प्रश्न जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर तपासत होते. पुढे सिद्दीकींनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅलन गॅरन यांच्याबरोबर १९६२ साली दाखवून दिले की जिवाणूतल्या एका जनुकात झालेला बिघाड दुसऱ्या ठिकाणच्या बदलाने झाकला जाऊ शकतो. प्रथिने घडवण्याची सांकेतिक भाषा उलगडण्याच्या त्या वर्षांत या कामाला फार महत्त्व होते. म्हणजे बेंझर आणि सिद्दीकी एकत्र आले तेव्हा गुरू आणि उमेदवार अशी जोडी नव्हती. दोघांनी एकाच धाटणीचे काम दोन वेगवेगळ्या जीवांवर केले होते, आणि एखादी यंत्रणा समजून घ्यायची तर तिचा एकेक भाग बिघडवून काय घडते ते पाहावे, ही विचारपद्धती दोघांच्याही हाडीमांसी भिनली होती.

१९६२ सालीच होमी भाभांच्या निमंत्रणावरून सिद्दीकी मुंबईला आले. टाटा संस्थेची कुलाब्याची नवी वास्तू त्याच वर्षी सुरू झाली होती. अणुभौतिकी, वैश्विक किरण आणि गणित यांच्या त्या संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पदार्थवैज्ञानिकांच्या शेजारी जीवशास्त्रज्ञांना जागा देणे हा भाभांचा मोठा निर्णय होता. त्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. प्राणिशास्त्राच्या पारंपरिक विभागात वर्गीकरण, शरीररचना, गर्भविज्ञान असे खाने आधीच पडलेले असतात आणि नव्या माणसाला त्यांतल्याच एकात बसावे लागते. इथे असे खाने नव्हते. दहा वर्षे जिवाणूंचे संकर आणि डीएनए यांवर काम केलेल्या माणसाला उद्यापासून माशीचे नाक तपासायचे असेल, तर त्याला कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती. हे स्वातंत्र्य म्हणजे चैन होती असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की त्याच स्वातंत्र्यातून पुढचे सगळे काम निघाले.

साठच्या दशकाच्या मध्याला रेणवीय जीवशास्त्राच्या पहिल्या पिढीत एक अस्वस्थता पसरली होती. जनुक म्हणजे काय, ते प्रथिन कसे घडवते, हे मोठे प्रश्न सुटल्यासारखे वाटत होते. केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी मातीतला एक पारदर्शक सूत्रकृमी हाती घेतला. बेंझर फळमाशीकडे वळले. १९६७ साली त्यांनी काचेच्या नळ्यांच्या दोन रांगांचे एक साधे उपकरण वापरले. माश्यांना प्रकाशाकडे धावण्याची संधी पुन्हा पुन्हा द्यायची आणि प्रत्येक फेरीत धावणाऱ्या व न धावणाऱ्या वेगळ्या काढायच्या. एका जनुकातल्या बदलाने ज्यांचे वागणे बिघडले आहे अशा माश्या हजारोंच्या गर्दीतून अशा गाळून निघत. १९७१ साली त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी दिवसाच्या चोवीस तासांचे भान हरवलेले तीन वाण दाखवले. एकाचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला ताल असा नव्हताच. तिन्ही बदल एकाच जनुकात होते. त्या जनुकाच्या पाठपुराव्यातून पुढे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

या पद्धतीवर तेव्हाही कडक आक्षेप घेतले जात होते आणि ते पोकळ नव्हते. वर्तन हे अनेक जनुकांच्या मिळून होणाऱ्या प्रभावाचे फळ असते, हे वर्तनाच्या जनुकशास्त्रज्ञांना अनुभवाने माहीत होते. जेरी हर्श यांनी पन्नाशीच्या दशकापासून अनेक पिढ्या निवड करत वर चढणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या माश्यांचे वेगवेगळे वाण तयार केले होते. तिथे फरक हळूहळू, थोडा थोडा साचत गेला. कुठलेही एक जनुक दोषी म्हणून बोट दाखवता येत नव्हते. मग एक जनुक मोडून वर्तन समजेल असे मानणे हा भाबडेपणा नाही का? मला वाटते इथे दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ होते. दोन माश्यांच्या वागण्यात फरक का पडतो, हा हर्श यांचा प्रश्न होता. कुठलीही माशी मुळात वागू कशी शकते, कोणत्या भागांवाचून तिचे चालणेच थांबते, हा बेंझर आणि सिद्दीकींचा प्रश्न होता. पहिल्याला अनेक जनुकांचे उत्तर योग्यच आहे. दुसऱ्यासाठी एकेक भाग काढून पाहण्याइतकी सरळ वाट दुसरी नाही. लुळ्या माश्यांनी ते ठामपणे सिद्ध केले.

त्या माश्यांचे वैशिष्ट्य असे. नेहमीच्या तापमानाला त्या चालतात, उडतात, खातात, अंडी घालतात. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की कोसळतात. ‘पॅरा’ नावाचा वाण डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये नोंदवला होता. २९ अंश सेल्सिअसला तो पडतो आणि थंडाव्यात आणताच उठतो. मुंबईत बाहेरची हवा वर्षातले कितीतरी महिने दुपारी याहून गरम असते, तेव्हा कुलाब्यात हे वाण वातानुकूलित खोल्यांतच जपावे लागणार हे उघड होते. ‘शिबिरे’ हा दुसरा वाण साधारण त्याच तापमानाला लुळा पडतो. सिद्दीकी आणि बेंझर यांच्या निबंधात ‘कोमाटोज’ हा आणखी एक वाण होता. त्याला ३८ अंशांपर्यंत तापवावे लागते आणि थंड केल्यावरही तो लगेच उठत नाही. जितका वेळ तापवला तितका उशिरा शुद्धीवर येतो. तापमानाची ही किल्ली फार मोलाची होती. ज्या जनुकाशिवाय जगणेच शक्य नाही त्याचा बिघाड जन्मापासून असेल तर प्राणी अंड्यातच मरतो, मग अभ्यास कशाचा करणार? इथे मात्र धडधाकट वाढलेल्या माशीत नेमक्या क्षणी एक भाग बंद करता येतो आणि पुन्हा चालूही करता येतो.

पण माशी लुळी पडते म्हणजे नेमके काय बंद पडते? स्नायू दगा देतो, चेतातंतू संदेश नेईनासा होतो, की चेता आणि स्नायू यांच्यातली गाठ तुटते? या प्रश्नासाठी त्यांनी दोन साधने वापरली. एक जनुकशास्त्रातले, दुसरे शरीरक्रियाशास्त्रातले. पहिले म्हणजे संमिश्र माश्या, ज्यांच्या शरीराचा काही भाग नर आणि दोषयुक्त तर उरलेला मादी आणि निर्दोष असतो. योशिकी होत्ता आणि बेंझर यांनी १९७२ मध्ये दाखवले होते की अशा शेकडो माश्यांत कोणता भाग दोषयुक्त असताना वर्तन बिघडते याची नोंद ठेवली, तर बिघाडाचे मूळ शरीरात कुठे आहे याचा नकाशा काढता येतो. दुसरे साधन सूक्ष्म विद्युतप्रवाहाचे. माशीच्या मेंदूला हलका विजेचा धक्का द्यायचा आणि छातीतल्या उड्डाणाच्या स्नायूंत उमटणारा प्रतिसाद तापमान वाढवत नोंदवायचा. निष्कर्ष असा निघाला की दोष स्नायूंत नसून मज्जासंस्थेत आहे. सूक्ष्मजीवांवर घडलेल्या माणसांनी माशीच्या चेतांमधले विजेचे ठोके मोजायला बसावे, यातच या नव्या शास्त्राचे सार होते. जनुकाचे बोट धरून पेशीपर्यंत जायचे आणि पेशीतून वर्तनापर्यंत.

हे किती पक्के होते ते पुढच्या वीस वर्षांत दिसले. १९८९ साली पॅराचे जनुक हाती आले तेव्हा कळले की ते चेतापेशीच्या पटलातल्या सोडियम चॅनलचे, म्हणजे सोडियमच्या दारांचे, जनुक आहे. चेतातंतूतून संदेश ज्या विद्युत लहरीने धावतो ती लहर या दारांतून उठते. शिबिरेचे जनुक १९९१ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे डायनॅमिन हे प्रथिन चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेशाच्या रिकाम्या झालेल्या पिशव्या परत आत ओढून घेते. ते बंद पडले की काही क्षणांत पिशव्यांचा साठा संपतो आणि माशी पडते. कोमाटोजचे जनुक नव्वदीच्या दशकाच्या मध्याला कळले. पिशव्या पेशीच्या पटलाला मिळून फुटतात त्या यंत्रणेला पुन्हा पुन्हा वापरण्याजोगे करणारे प्रथिन या जनुकातून बनते. हेच प्रथिन जेम्स रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींतून अगदी वेगळ्या मार्गाने वेगळे काढले होते. पेशीतल्या मालवाहतुकीच्या त्या संशोधनासाठी रॉथमन यांना इतर दोघांबरोबर २०१३ मध्ये नोबेल मिळाले. संदेश तंतूतून धावणे, पिशवी फुटणे, पिशवी परत येणे: चेतासंदेशाच्या तीन मुख्य पायऱ्या, आणि तिन्हींचे जनुक एका उष्ण पेटीत पडणाऱ्या माश्यांकडे लक्ष देऊन हाती लागले. वर्तन हे फार संकुल आहे, एका जनुकाने काय कळणार, या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

इथवरचे काम मुंबई आणि कॅलिफोर्निया यांनी वाटून केलेले म्हणता येईल. मुंबईची स्वतःची वाट सुरू झाली ती वास आणि चव यांच्यापासून. हा विषय का निवडला याला कारण होते. दृष्टीवर जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळा तुटून पडल्या होत्या. स्मृती आणि शिकणे हे प्रश्न अजून धूसर होते. गंधाबद्दल मात्र मूलभूत गोष्टसुद्धा कळलेली नव्हती. हजारो वेगवेगळे वास प्राणी ओळखतो, म्हणजे वासाचे रेणू टिपणारे हजारो ग्राही असतात की थोडक्या ग्राहींच्या जुळण्या? शिवाय गंधाची परीक्षा घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी, एका फाट्यातून शुद्ध हवा, दुसऱ्यातून वासाची हवा, आणि किती माश्या कुठे गेल्या याची मोजणी. माश्या वाढवायला मक्याचे पीठ, साखर, यीस्ट, अगार आणि कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्या पुरतात. पंचवीस अंशांवर दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. परकीय चलनाची टंचाई आणि आयात उपकरणांच्या परवान्यांची ती वर्षे होती. हे सोयीस्कर होते खरे, पण निव्वळ सोय पाहून विषय निवडला असता तर तो इतका टिकला नसता. स्वस्त उपकरणाने सुटू शकेल असा मोठा प्रश्न शोधून काढणे, यात या प्रयोगशाळेचे खरे कसब होते.

या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल वेरोनिका रॉड्रिग्ज यांचे. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, १९५३ मध्ये केनियात जन्मलेल्या रॉड्रिग्ज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून १९७७ साली सिद्दीकींकडे डॉक्टरेटसाठी मुंबईत आल्या. भारतातले हुशार विद्यार्थी परदेशाची वाट धरत होते त्या दशकात ही मुलगी आफ्रिका आणि आयर्लंड मागे टाकून कुलाब्याला आली, याकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते. १९७८ मध्येच त्यांचा आणि सिद्दीकींचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. नर माश्यांना रसायन पाजून त्यांच्या जनुकांत बदल घडवायचे आणि एक्स गुणसूत्रावरचे बदल पुढच्या पिढीतल्या नरांत लगेच उघडे पडतील अशी संकराची युक्ती वापरायची. मग हजारो माश्यांतून वास चुकणाऱ्या निवडायच्या. बेंझाल्डिहाइड या कडू बदामासारख्या वासापासून माशी दूर पळते, पिकल्या फळासारख्या वासाच्या अ‍ॅसिटेट रसायनांकडे ती ओढली जाते. सापडलेल्या वाणांपैकी काहींचा एका प्रकारच्या वासाला प्रतिसाद बिघडला होता पण दुसऱ्या प्रकारचा शाबूत होता. याचा अर्थ मोठा आहे. नाक एकजिनसी असते तर बिघाडही सगळ्या वासांना सारखाच झाला असता. गंधाच्या वाटा निदान काही अंतरापर्यंत वेगवेगळ्या आहेत, हे जनुकांच्या साक्षीने समोर आले.

चवीच्या कामात हा तर्क आणखी खोल गेला. माशीच्या पायांवर आणि सोंडेवर चवीचे केस असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी मोजक्या चेतापेशी असतात, त्यांतली एक साखरेला प्रतिसाद देते, दुसऱ्या क्षारांना, एक पाण्याला. भुकेल्या माशीचा पाय साखरेला लागला की सोंड बाहेर येते. मिठाचा कडक द्राव लागला तर ती आखडते. १९८१ मध्ये रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांनी एका विशिष्ट प्रकारच्या शर्करांची चव हरवलेला वाण दाखवला, तोही अशा रीतीने की इतर शर्करांची जाण कायम होती. १९८७ साली ‘नेचर’मध्ये कविता अरोरा, रॉड्रिग्ज, सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आले. त्यातल्या एका वेगळ्या वाणाची माशी मिठापासून पळायच्या ऐवजी त्याकडे ओढली जात होती. एकेका केसातले ठोके नोंदवले तेव्हा कारण सापडले. साखरेची म्हणून ओळखली जाणारी चेतापेशी आता मिठालाही प्रतिसाद देत होती. माशीच्या मेंदूला ‘गोड’ असा संदेश जात होता, म्हणून ती पुढे जात होती. संवेदनेचा अर्थ ती कोणत्या तारेने आली यावरून ठरतो, ही जुनी कल्पना एका जनुकाच्या बदलातून इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवली गेली असेल.

रॉड्रिग्ज यांच्या ज्या कामाची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे मला वाटते ते पश्चिम जर्मनीत ट्यूबिंगन इथे एरिख बुख्नर यांच्याबरोबर झाले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. माशीला किरणोत्सारी शर्करा द्यायची, मग तिला एकच वास हुंगायला लावायचा. ज्या पेशी जास्त काम करतात त्या जास्त शर्करा ओढतात आणि मेंदूचे पातळ काप काढले की तेवढे ठिपके उमटलेले दिसतात. माशी ज्यांनी वास घेते त्या शृंगिकांतून येणारे तंतू मेंदूतल्या ज्या पिंडात पोचतात तिथे लहान लहान गोळ्यांसारखे गुच्छ असतात, सुमारे पन्नास. वेगवेगळ्या वासांनी वेगवेगळे गुच्छ उजळले. १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी हे काम आणखी पुढे नेले. वास म्हणजे मेंदूत उमटणारी एक स्थानिक आकृती आहे, ही आज पाठ्यपुस्तकांत सहज येणारी गोष्ट तेव्हा एका माशीत डोळ्यांना दिसली होती.

आता सर्वांत अवघड आक्षेप. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना उंदरांत गंधग्राहींच्या जनुकांचे प्रचंड कुटुंब सापडले आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फळमाशीतली गंधग्राहींची जनुके १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी शोधली. वीस वर्षे माशीच्या गंधज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या गटाला ती सापडली नाहीत, मग ही शाळा मुख्य शर्यत हरली असे का म्हणू नये? एका अर्थाने हरली हे खरेच आहे आणि ते लपवू नये. पण का हरली हे पाहिले की आक्षेपाची धार बोथट होते. माशीत गंधग्राहींची साठ जनुके आहेत. एक गेले तर बाकीचे बरेचसे निभावून नेतात, आणि नळीत मोजता येईल असा मोठा बिघाड होत नाही. शिवाय त्यांतली थोडकीच एक्स गुणसूत्रावर आहेत. या जनुकांच्या नावांतच त्यांचा गुणसूत्रावरचा पत्ता असतो आणि तो पाहिला की बहुतेकांचे घर दुसऱ्या-तिसऱ्या गुणसूत्रावर आहे हे कळते. जिथे शोध चालला होता तिथे ती फारशी नव्हतीच. ती सापडली जनुकसंचाच्या वाचनातून, संगणकाच्या मदतीने. तो मार्ग १९७८ मध्ये जगात कोणालाच खुला नव्हता. पण ग्राही सापडल्यावर ज्या चौकटीत त्यांचा अर्थ लागला, एकेका ग्राहीच्या पेशी मेंदूतल्या ठरावीक गुच्छात जातात आणि वास म्हणजे गुच्छांची आकृती, त्या चौकटीचा मोठा भाग रॉड्रिग्ज यांनी आधीच हाताळला होता.

यापुढचा पुरावा शिष्यांचा आहे. टाटा संस्था तेव्हा विद्यापीठ नव्हती, पदव्या मुंबई विद्यापीठाच्या मिळत. तरीही तिथे जे शिक्षण झाले त्याची खूण अशी की शिकलेल्यांनी गुरूचा प्रश्न तसाच उगाळला नाही. के. एस. कृष्णन यांनी लुळ्या माश्यांचे काम उचलले, पण त्यातून वेगळाच प्रश्न काढला: भूल देणारी औषधे मेंदूवर काम करतात तरी कशी? १९९० मध्ये त्यांनी हॅलोथेन या भुलीच्या औषधाला कमी दाद देणाऱ्या माश्यांचे वाण हॉवर्ड नॅश यांच्याबरोबर जाहीर केले. २००१ मध्ये शिबिरेच्या डायनॅमिनला ऊर्जा कोण पुरवते हे त्यांच्या गटाने दाखवले. गैती हसन यांनी १९९० मध्ये गंधाच्या त्या वाणांपैकी एकाचे जनुक रेणवीय पातळीवर वेगळे केले आणि तिथून त्या पेशीतल्या कॅल्शियमच्या संदेशांकडे वळल्या. के. विजयराघवन यांनी माशीच्या स्नायूंची आणि चेतांची घडण हाती घेतली. २०१८ ते २०२२ या काळात ते केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते. रॉड्रिग्ज स्वतः पुढे गंधपिंडाच्या विकासाकडे गेल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

माणसे घडवण्याच्या हेतूनेच सिद्दीकींनी १९७५ साली महाबळेश्वरच्या आधुनिक जीवशास्त्राच्या परिषदा सुरू केल्या. देशोदेशीचे संशोधक आणि भारतातले तरुण काही दिवस एकाच ठिकाणी राहून बोलत. पुढे या बैठका इतर गावी भरल्या तरी नाव महाबळेश्वरचेच राहिले. १९७९ च्या डिसेंबरात फळमाशीच्या विकास आणि वर्तनावरची आंतरराष्ट्रीय परिषद कुलाब्याला झाली. तिच्या ग्रंथाच्या संपादकांत सिद्दीकी, पी. बाबू आणि लिंडा हॉल यांच्याबरोबर पुढे नोबेल मिळवणारे जेफ्री हॉलही होते. अशा सभा भरवण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्वतःचे प्रयोग वाढवावेत असे कोणी म्हणेल. पण लहान देशी गटाला जगाच्या वेगाशी जोडून ठेवण्याचे काम पत्रव्यवहाराने भागत नव्हते. पत्राला उत्तर यायला आठवडे लागत, आणि आपला प्रयोग कुठे चुकतो हे समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला याच परंपरेतून बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले.

गरीब देशाने माशीच्या नाकावर पैसे खर्च करावेत का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही येतो. उपयोगाचे उत्तर देता येते. पॅराच्या जनुकाने घडवलेल्या सोडियम चॅनलवरच डीडीटी आणि मच्छरदाण्यांना लावली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके काम करतात. घरमाश्या आणि डास त्यांना दाद देईनासे होतात तेव्हा बऱ्याचदा याच जनुकाच्या भावंडात झालेला बदल सापडतो. मलेरियाशी झगडणाऱ्या देशाला हे ज्ञान परके नाही. पण या उत्तरावर सगळा भार टाकणे मला बरोबर वाटत नाही, कारण १९७६ मध्ये ते कोणाला माहीत नव्हते. खरा मुद्दा असा की ज्या समाजात मूळ प्रश्न विचारणारी माणसे घडत नाहीत, तिथे उपयोगाचे प्रश्नही दुसऱ्यांकडून आयात करावे लागतात.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. बाटलीतली माशी आणि नळीतली निवड यांत प्राण्याचे जगणे मावत नाही. कार्ल फॉन फ्रिश, कॉनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले ते प्राण्याला त्याच्या अधिवासात पाहण्यासाठी. भारतात तो वारसा दुसरीकडे चालला. मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या दिनचक्राचा अभ्यास त्यांच्या गुहेतच जाऊन केला. कुलाब्याच्या शाळेला सह्याद्रीतल्या कीटकांकडे, इथल्या मधमाश्यांकडे, रानातल्या माश्यांकडे वळता आले असते आणि वळायला हवे होते, असे मला वाटते. सिद्दीकींच्या शेवटच्या कामात मात्र अनुभवाला जागा मिळालेली दिसते. २०१० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोशातून बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत माशीला जो वास भेटतो त्यानुसार तिच्या शृंगिकेतल्या गंधपेशींचे प्रतिसादही बदलतात. तीन वर्षांनी बंगळुरूत रस्त्यावरच्या अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत फळमाशी अजून मुख्यतः डोळ्यांच्या रंगाचे आणि पंखांच्या आकाराचे तक्ते पाठ करण्यासाठी येते. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. शिबिरेसारखे वाण जगभरच्या माशी-संग्रहांतून मिळतात. दोन बाटल्या, एक तापमापक आणि कोमट पाण्याचे भांडे घ्या. एका बाटलीत साध्या माश्या ठेवा, दुसरीत शिबिरेच्या. तापमान तिशीकडे न्या आणि विद्यार्थ्यांना आधी काही न सांगता विचारा की काय बंद पडले असेल, आणि ते कसे शोधायचे.